क्रेगलॉकहार्टचे दोन वैद्य

एडिंबरो शहराच्या नैर्ऋत्येस, टेकडीच्या उतारावर, क्रेगलॉकहार्ट नांवाची एक प्रचंड दगडी इमारत आहे. आज तेथें विद्यापीठाचे वर्ग भरतात. मुळांत ती बांधली गेली जलोपचारासाठीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पैसेवालीं माणसें तेथें येऊन थंड-ऊन पाण्याचीं स्नानें घेत आणि टेकडीवरची हवा खात. परंतु तिचें नांव इतिहासांत राहिलें आहे तें तिच्या आयुष्यांतील अवघ्या दोन-तीन वर्षांमुळें. १९१६ पासून १९१९ पर्यंत तेथें ब्रिटिश सैन्यांतील अधिकाऱ्यांचें रुग्णालय होतें. या रुग्णांचे हातपाय बहुधा शाबूत असत. दिवसां ते गोल्फ खेळत, थट्टाविनोद करीत, जेवावयाच्या टेबलाशीं रीतसर बसत; रात्र पडली म्हणजे मात्र त्याच इमारतीच्या लांबलचक बोळांतून झोपेंतल्या किंकाळ्या ऐकूं येत.

श्रोतेहो, त्या रुग्णालयांतील दोन वैद्यांची हकीकत मी आज सांगणार आहें. एकाचें नांव विल्यम रिव्हर्स, दुसऱ्याचें आर्थर ब्रॉक. दोघांचे स्वभाव निराळे, उपचारांची रीतिहि निराळी. परंतु एका गोष्टींत दोघांचें एकमत होतें. मनुष्य मोडतो तेव्हां तो एकटाच मोडत नाहीं. मित्रांशीं, कामाशीं, पायांखालच्या भूमीशीं आणि स्वतःच्या स्मृतीशीं असलेलें त्याचें नातें मोडतें, आणि उपचार करावयाचा तो त्या नात्यावर, असें दोघेहि समजत. अशा चिकित्सेला आज 'समग्र' हें विशेषण लावण्याची चाल पडली आहे. तें विशेषण ज्या इंग्रजी शब्दावरून आलें तो शब्द जनरल स्मट्स यांनीं १९२६ सालीं आपल्या ग्रंथांत घडविला. म्हणजे शब्द जन्मास येण्यापूर्वींच काम चालू होतें.

तें काम करण्याची पाळी कां आली, हें प्रथम थोडक्यांत सांगितलें पाहिजे. पहिल्या महायुद्धांत पश्चिमेकडील आघाडीवर माणसें महिनेच्या महिने खंदकांत बसून राहत आणि वरून तोफांचे गोळे पडत. पळतां येत नाहीं, उलटून मारतां येत नाहीं. फक्त वाट पाहावयाची. अशा स्थितींत धडधाकट शिपायांची वाचा बसूं लागली, कोणाचे पाय लुळे पडले, कोणाला दिसेनासें झालें, कोणाच्या अंगाचा कांप थांबेना. फेब्रुवारी १९१५ मध्यें चार्ल्स मायर्स या मानसशास्त्रज्ञानें 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत अशा रुग्णांची हकीकत दिली आणि 'शेल-शॉक' हा शब्द छापून आला. प्रथम समजूत अशी कीं, गोळा जवळ फुटल्यानें मेंदूस धक्का बसत असावा. पण ज्यांच्या आसपास गोळा फुटलाच नव्हता असेहि शिपाई त्याच लक्षणांनीं आजारी पडूं लागले, तेव्हां ती समजूत टिकली नाहीं. खुद्द मायर्स यांनाच तो शब्द पुढें नकोसा झाला. आपण आज या विकाराला आघातोत्तर तणावाचा विकार म्हणतों. अमेरिकन मनोवैद्यांनीं त्याला आपल्या अधिकृत यादींत स्थान दिलें तें १९८० सालीं.

त्या वेळीं त्याला आजार मानावयासच पुष्कळांची तयारी नव्हती. पलायन, भित्रेपणा वगैरे आरोपांवरून ब्रिटिश सैन्यानें आपल्याच ३०६ शिपायांना गोळ्या घालून मारलें. त्यांत मनानें पार खचलेले शिपाईहि होते. त्यांना पार्लमेंटनें क्षमा केली ती २००६ सालीं, म्हणजे नव्वद वर्षांनंतर. ज्यांना रुग्णालयाची वाट मिळाली त्यांच्यापैकीं कित्येकांच्या वांट्यास विजेचे उपचार आले. लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील रुग्णालयांत लुईस यीलंड नांवाचे डॉक्टर होते. एका मुक्या झालेल्या चोवीस वर्षांच्या शिपायाला त्यांनीं बंद खोलींत नेलें, बोलल्याशिवाय येथून सुटका नाहीं असें बजावलें आणि सुमारें चार तास त्याच्या घशाला विजेचे झटके दिले. शिपाई बोलूं लागला. ही हकीकत डॉक्टरांनीं स्वतःच १९१८ सालच्या आपल्या ग्रंथांत समाधानानें नमूद केली आहे. वाचा परत आली हें खरें. पण ती कोणाशीं बोलण्यासाठीं परत आली, हा प्रश्न त्या ग्रंथांत कोठें दिसत नाहीं.

अधिकारीवर्गाला अशी वागणूक सहसा मिळत नसे. त्यांना सौम्य उपदेश मिळे: झालें गेलें गंगेला मिळालें, आतां त्याचा विचार करूं नका, चांगल्या गोष्टी मनांत आणा. डॉक्टर हेंच सांगत आणि घरचीं माणसें हेंच सांगत. रिव्हर्स यांचा या उपदेशाला विरोध होता.

रिव्हर्स तेव्हां बावन्न-त्रेपन्न वर्षांचे होते. जन्म १८६४ चा, केंट परगण्यांतला. शिक्षण वैद्यकाचें, नांव झालें तें मानसशास्त्रांत आणि मानववंशशास्त्रांत. १८९८ सालीं केंब्रिजहून टॉरेस सामुद्रधुनीकडे जी शास्त्रीय मोहीम निघाली तींत ते होते. १९०१-०२ मध्यें ते आपल्या निलगिरीवर येऊन राहिले आणि तोडा लोकांची एकूण एक कुळें, त्यांचीं सोयरसुतकें, त्यांच्या म्हशींच्या गोठ्यांतील विधि हें सर्व विचारविचारून लिहून घेतलें. त्यांचा तोडा लोकांवरील ग्रंथ १९०६ सालीं प्रसिद्ध झाला. मनुष्य कोण हें कळावयाचें तर त्याचें नातें कोणाकोणाशीं आहे हें आधीं विचारावें, ही त्यांची पद्धति होती. १९०८ सालीं ते सॉलोमन द्वीपसमूहांतील एडिस्टन बेटावर गेले. तेथें त्यांना असें आढळलें कीं, त्या लोकांच्या समजुतीप्रमाणें अमुक आजार होतो तो अमुक झाडाच्या फळांवर घातलेला निर्बंध मोडल्यामुळें. आणि जो तो निर्बंध घालूं शकतो त्यालाच तो आजार काढण्याचा विधि ठाऊक असतो. आपण सुशिक्षित लोक हें ऐकून हंसूं. रिव्हर्स हंसले नाहींत. त्या बेटावर आजार म्हणजे दोन माणसांमधला बिघडलेला व्यवहार, आणि औषध म्हणजे तो व्यवहार पुन्हा नीट करणें. या विचारांत आंतून एक सुसंगति आहे असें त्यांनीं डॉक्टरांपुढील व्याख्यानांत सांगितलें. तीं व्याख्यानें त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ सालीं ग्रंथरूपानें निघालीं.

आणखी एक गोष्ट त्यांच्या अंगीं होती. ते जन्मभर अडखळत बोलत. त्यांचे वडील धर्मोपदेशक असून तोतरेपणावर उपचार करीत, तरी मुलाचा दोष पुरता गेला नाहीं. ज्याला स्वतःला शब्दासाठीं थांबावें लागतें तो दुसऱ्याच्या शब्दासाठीं थांबूं शकतो, असें मला आपलें वाटतें; शास्त्र काय म्हणतें तें शास्त्रज्ञ जाणोत.

डिसेंबर १९१७ मध्यें त्यांनीं लंडनच्या वैद्यकीय सभेपुढें एक निबंध वाचला. तो पुढल्या फेब्रुवारींत 'लॅन्सेट'मध्यें छापला गेला. त्यांतील एक रुग्ण असा. या तरुण अधिकाऱ्याचा जिवलग मित्र गोळा लागून छिन्नभिन्न झाला होता आणि त्याचे अवशेष यानें स्वतः पाहिले होते. तेव्हांपासून रोज रात्रीं तो मित्र त्याच विद्रूप देहानें त्याच्या स्वप्नांत येई. दिवसां तो विषय मनांतून दाबून टाकावा, असा सर्वांचा सल्ला; आणि जितकें तो दाबी तितकें रात्रीं तें उसळून वर येई. रिव्हर्स यांनीं त्याला ती गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगावयास लावली. मग ते इतकेंच म्हणाले कीं, देहाची अशी अवस्था झाली यावरून मित्राला मरण तत्काळ आलें असलें पाहिजे, वेदना भोगाव्या लागल्या नाहींत. रुग्णाचा चेहरा उजळला. कांहीं रात्रीं स्वप्न पडलेंच नाहीं. आणि मग पडलें तें निराळें. त्यांत तो मित्राजवळ गेला आणि गुडघे टेकून बसला. जागा झाला तेव्हां डोळ्यांत पाणी होतें, पण भय नव्हतें.

डॉक्टरांनीं येथें औषध कोणतें दिलें? स्मृति पुसली नाहीं आणि खोटा धीर दिला नाहीं. भीतीमुळें जो मित्र परका झाला होता तो त्यांनीं त्या तरुणाला परत दिला, आणि शोक करण्याची वाट मोकळी करून दिली. माझ्या मतें त्या सबंध निबंधाचा गाभा या एका स्वप्नांत आहे.

त्याच निबंधांत त्यांनीं आपलें अपयशहि सांगितलें आहे. दुसरा एक अधिकारी स्फोटानें उडून शत्रुपक्षाच्या एका कुजलेल्या प्रेतावर तोंडघशीं पडला होता. त्याच्या अनुभवांत धरून ठेवण्याजोगी एकहि गोष्ट रिव्हर्स यांना सांपडली नाहीं. तेव्हां बोलण्याचा आग्रह न धरतां, त्याला पूर्वी ज्या खेड्यांत बरें वाटे तिकडे जाऊन राहूं द्यावें असें त्यांनीं ठरविलें. एकच मात्रा सर्वांना चाटविणाऱ्या वैद्यांपैकीं ते नव्हते.

आतां दुसरे वैद्य, ब्रॉक. यांचा जन्म १८७९ चा. ग्रीक विद्येचा त्यांना विलक्षण नाद होता. प्राचीन ग्रीक वैद्य गेलन याच्या एका ग्रंथाचें त्यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर १९१६ सालीं, म्हणजे युद्धाच्या ऐन धुमाळींत निघालें. रुग्णाशीं गोष्टी करीत बसणें हें त्यांच्या वृत्तींत बसत नसे. त्यांच्या मतें युद्धानें मनुष्याला काळापासून आणि स्थळापासून उपटून काढलें होतें. त्याला पुन्हा लावावयाचें, तर काम हाच त्याचा उपाय. काम म्हणजे वेळ घालविण्याचा चाळा नव्हे. ज्याची दुसऱ्या कोणाला तरी गरज आहे असें काम. या पद्धतीला त्यांनीं 'कर्मोपचार' अशा अर्थाचें ग्रीक नांव दिलें होतें.

आपल्या रुग्णांना ते अँटीअसची कथा सांगत. अँटीअस हा भूमातेचा पुत्र, मोठा मल्ल. आपल्या आखाड्यांत पाठ मातीला लागली कीं गडी हरला. याचें उलट होतें. जितक्या वेळां तो मातीवर पडे तितक्या वेळां मातेच्या स्पर्शानें त्याचें बळ दुणावे. हर्क्युलिसनें हें ओळखलें, त्याला भूमीवरून उचलून अधांतरीं धरलें आणि तेथेंच आवळून मारलें. ब्रॉक म्हणत कीं, रुग्णालयांतील प्रत्येक तरुण हा असा उचलला गेलेला अँटीअस आहे. त्याचे पाय जमिनीला लागूं द्या.

जून १९१७ च्या अखेरीस विल्फ्रेड ओवेन नांवाचा चोवीस वर्षांचा लेफ्टनंट त्यांच्याकडे आला. फ्रान्समध्यें गोळ्याच्या स्फोटानें तो उडाला होता आणि त्यानंतर कांहीं दिवस रेल्वेच्या बांधाजवळील एका खळग्यांत, मृत सहकाऱ्याच्या अवशेषांशेजारीं त्यानें काढले होते. तो कविता करीत असे, पण त्याला कोणी ओळखत नव्हतें. ब्रॉक यांनीं त्याला पहिलें काम सांगितलें तें अँटीअसवर कविता लिहिण्याचें. मग रुग्णालयाच्या 'हायड्रा' या नियतकालिकाचें संपादन त्याच्याकडे दिलें. नाटकांत त्यानें भूमिका केल्या. निसर्गनिरीक्षणाचें एक मंडळ निघालें, त्यांत त्यानें 'वनस्पति विचार करतात काय?' या विषयावर व्याख्यान दिलें. विषय ऐकतांच आपल्या जगदीशचंद्र बोस यांची आठवण व्हावी असा. शेवटीं शरद् ऋतूंत त्याला शहरांतील कामकरी वस्तीच्या टाइनकॅसल शाळेंत मुलांना इंग्रजी वाङ्मय शिकविण्यास पाठविलें.

ही शेवटची मात्रा मला फार मार्मिक वाटते, आणि तें केवळ मी स्वतः मास्तर होतों म्हणून नव्हे. युद्धापूर्वीं ओवेन फ्रान्समध्यें बोर्दो येथें इंग्रजी शिकवून पोट भरीत असे. म्हणजे ब्रॉक यांनीं त्याला नवें कांहीं दिलें नाहीं. जेथें त्याचें पाऊल पूर्वी टेकलेलें होतें तेथेंच पुन्हा टेकविलें. शिवाय वर्गांतल्या तीस-चाळीस मुलांपुढें उभें राहिल्यावर मनुष्याला स्वतःकडे पाहावयास सवडच मिळत नाहीं. पोरें तुमची कीव करीत नाहींत. तीं प्रश्न विचारतात.

ब्रॉक यांना हा विचार कोठून आला, याचा शोध घेतां घेतां आपण थेट मुंबईस येऊन पोंचतों. त्यांचे गुरु म्हणजे एडिंबरोचे पॅट्रिक गेडीस. स्थळ, काम आणि लोक या तिहींचा एकत्र विचार केल्याशिवाय कोणतेंहि जीवन समजत नाहीं, हें गेडीस यांचें मुख्य सूत्र. ब्रॉक यांनीं तें शहरांवरून उचलून रुग्णांना लावलें. गेडीस १९१४ सालीं हिंदुस्थानांत आले, येथील अनेक शहरांच्या रचनेवर त्यांनीं अहवाल लिहिले; त्यांपैकीं इंदूरचा १९१८ चा अहवाल प्रसिद्धच आहे. रोगट वस्ती सरसकट पाडून टाकूं नका, जपून शस्त्रक्रिया करा, चार भिंती काढा आणि बाकीचें जगूं द्या, असा त्यांचा आग्रह असे. १९१९ सालीं मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचा विभाग निघाला, त्याचे पहिले प्राध्यापक गेडीस हेच. त्यांनीं एका मराठी तरुणाला पुढील अभ्यासासाठीं विलायतेस पाठविण्याची शिफारस केली. हा तरुण म्हणजे मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये. जन्म १८९३ चा, म्हणजे ओवेनचे अगदीं समवयस्क. घुर्ये केंब्रिजला गेले आणि त्यांनीं गुरु केले ते रिव्हर्स! क्रेगलॉकहार्टच्या दोन खोल्यांत बसून दोन वैद्यांनीं चालविलेले दोन विचारप्रवाह असे एका कोंकणी माणसाच्या शिक्षणांत एकत्र आले. ४ जून १९२२ रोजीं रिव्हर्स अल्पशा आजारानें एकाएकीं वारले. घुर्यांनीं अभ्यास पुरा केला, आणि १९२४ पासून गेडीस यांच्या जागीं मुंबईच्या विभागाची धुरा घेतली ती १९५९ पर्यंत वाहिली.

परंतु या हकीकतीची दुसरी बाजू सांगितल्याविना मला पुढें जातां येत नाहीं. क्रेगलॉकहार्ट हें अधिकाऱ्यांसाठीं होतें. साध्या शिपायाची वाचा जाते आणि अधिकाऱ्याला दुःस्वप्नें पडतात, हा भेद रिव्हर्स यांनींच टिपला आणि त्याचीं कारणें शिक्षणांत व जबाबदारींत शोधलीं. पण उपचारांतील भेद त्यांना मिटवितां आला नाहीं. कुट-अल-अमाराच्या वेढ्यांत १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. एप्रिल १९१६ मध्यें कुट पडलें आणि ते लोक तुर्कांच्या कैदेंत गेले. त्यांच्यांतून जे परतले त्यांच्या स्वप्नांत कोण येत होतें, हें विचारण्यासाठीं टेकडीवर कोणतीहि इमारत उभी नव्हती.

दुसरी गोष्ट याहूनहि कठीण. बरें करावयाचें तें कशासाठीं? सैन्याचें उत्तर सरळ होतें: परत लढावयास पाठविण्यासाठीं. जुलै १९१७ मध्यें सीगफ्रीड ससून हा शूर म्हणून पदक मिळविलेला अधिकारी व कवि, युद्ध जाणूनबुजून लांबविलें जात आहे असें जाहीर पत्रक काढून बसला. लष्करी न्यायालयापुढें उभें करण्याऐवजीं त्याला क्रेगलॉकहार्टला पाठविण्यांत आलें. रिव्हर्स यांना त्याच्यांत आजार असा कांहीं दिसला नाहीं. आठवड्यांतून तीन संध्याकाळीं दोघे बोलत बसत. रुग्णाला पुन्हा कर्तव्यावर जाण्यास तयार करणें हें डॉक्टरांचें काम. पण बोलतां बोलतां शंका डॉक्टरांच्याच मनांत शिरली. त्या सुमारास आपल्याला पडलेलें एक स्वप्न रिव्हर्स यांनीं पुढें शास्त्रीय निरीक्षण म्हणून लिहून ठेवलें आहे, आणि अंगावर गणवेश आहे तोंपर्यंत आपण मोकळे नाहीं ही जाणीव त्यांत स्पष्ट कबूल केली आहे. इतका प्रामाणिकपणा मोठ्या माणसांतहि विरळा. तरी कबुलीनें प्रश्न सुटला नाहीं. रुग्णाशीं जोडलेल्या ज्या विश्वासाच्या नात्यानें त्याला बरें केलें, त्याच नात्याच्या बळावर त्याला परत मरणाच्या तोंडीं जावयास राजी केलें, असा आक्षेप कोणीं घेतला तर रिव्हर्स यांची बाजू कशी मांडावी, हें मला आजवर उमगलेलें नाहीं. ससून स्वतःच्या इच्छेनें गेला, आपल्या शिपायांना एकटें सोडवेना म्हणून गेला, हें खरें आहे. पण ही ओढहि एक नातेंच होतें, आणि तें डॉक्टरांना ठाऊक होतें.

ओवेनची आणि ससूनची ओळख त्याच ऑगस्टमध्यें झाली. ससूननें त्याच्या कवितांवर लेखणी फिरविली. ब्रॉक यांनीं त्याला आपल्या भुतांकडे पाठ न फिरवितां त्यांना कामाला लावण्यास शिकविलें होतेंच. ज्या कवितांमुळें आज जग ओवेनला ओळखतें त्या येथून पुढल्या वर्षाच्या आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास त्यानें रुग्णालय सोडलें, १९१८ च्या उन्हाळ्याअखेर तो फ्रान्सला परतला, ऑक्टोबरच्या आरंभींच्या लढाईंत त्यानें शौर्याचें पदक मिळविलें, आणि ४ नोव्हेंबर रोजीं ऑर्स गांवाजवळील कालवा ओलांडतांना तो गोळी लागून पडला. वय पंचवीस. त्याच्या मृत्यूची तार आईच्या हातीं पडली ती ११ नोव्हेंबरला. युद्ध संपल्याबद्दल त्या दिवशीं इंग्लंडभर घंटा वाजत होत्या. ब्रॉक यांनीं १९२३ सालीं आपल्या पद्धतीवर ग्रंथ लिहिला, त्यांत या विद्यार्थ्याविषयीं मोजक्याच ओळी आहेत. मनांतील पिशाच्चांना तो समोरासमोर भेटला होता आणि त्यांना जवळजवळ शांत करीत आणलें होतें, इतक्यांत बोलावणें आलें, असा त्यांचा भावार्थ आहे.

ससून वांचला. जुलै १९१८ मध्यें आपल्याच बाजूच्या शिपायाची चुकून सुटलेली गोळी त्याच्या डोक्याला चाटून गेली आणि तो लंडनच्या रुग्णालयांत येऊन पडला. तो पुढें १९६७ पर्यंत जगला. १९३६ सालीं त्यानें या दिवसांवर पुस्तक लिहिलें, त्यांत स्वतःचें नांव बदललें, मित्रांचीं नांवें बदललीं. एकट्या रिव्हर्स यांचें नांव मात्र खरें ठेवलें. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तो त्या लंडनच्या खाटेवर पडला आहे, आणि दार उघडून रिव्हर्स आंत येत आहेत.